दुपटं सोडताना

सरलाबाई : …आणि मी फोन केलासुद्धा. तुझे पप्पा शहाद्यातच आहेत. येताना दुधाच्या पावडरचा डबा आणतील.

रुपा : मला न विचारता, आई?

सरलाबाई : अकरा दिवसांची बाळंतीण तू, तुला काय विचारायचं? परवा आशा सेविका मोहिनीताईंनी काट्यावर ठेवलं तेव्हा पाहिलंस ना? जन्मला तेव्हा पावणेतीन किलो होता. आता अडीच भरला.

रुपा : मोहिनीताईंनी डबा कुठे सांगितला? दर दोन तासांनी अंगावर पाज, शनिवारी परत वजन करू म्हणाल्या. नाही वाढलं तर मी स्वतः त्याला घेऊन दवाखान्यात जाईन. पण शनिवारपर्यंत या घरात डबा फुटणार नाही.

सरलाबाई : पाजतेस कुठे? नुसती रडतेस. काल रक्त आलं होतं.

रुपा : आलं. तरी पाजलं.

सरलाबाई : हट्टी कुठली! आपल्याकडे दूधच येत नाही, रुपा. मला तरी कुठे आलं? तू शेळीच्या दुधावर वाढलीस. काही बिघडलं का तुझं?

दगूबाई : घे व माय, न्हाऊन, शेकून आणला तुन्हा राजा. कसा गप झोपना पाहा. चला, मी निघस. रतिलालच्या घरी बी लेकराचं पाणी तापेल शे.

रुपा : दगूमाय, जरा उठवा त्याला. पाजायची वेळ झाली.

दगूबाई : झोपेल लेकराले उठाडतस का कोणी?

रुपा : मी उठवते. तळपायाला टिचकी मारली की उठतो. ऊठ रे सोन्या… ऊठ. हं, घे. आई गं!

सरलाबाई : बघितलं? रोज हेच. दोनदा ओढतो, सोडतो, किंचाळतो. ही ओठ चावत बसते.

दगूबाई : थांब, थांब. अशी पाजतेस तू? दुपट्यात?

रुपा : मग कशी?

दगूबाई : हात बांधेल शे, पाय बांधेल शे, तोंड आढ्याकडे. मान वाकडी करीसन तो बिचारा नुसतं टोक ओढी ऱ्हायना. दुखणारच ना तुले!

रुपा : तुम्हीच म्हणालात, दुपटं सोडू नका.

दगूबाई : ते झोपासाठी! पाजतांना सोडतस, हाई सांगनं पडस का?

रुपा : पडतं ना! मला पहिलं मूल आहे. तुम्ही बांधून हातात देता आणि पुढच्या घरी जाता.

सरलाबाई : आणि आम्ही संध्याकाळपर्यंत गाठसुद्धा सोडत नाही. दगूबाईंची बांधणी मोडायची म्हणजे… गावात कोणी मोडत नाही.

दगूबाई : अरे देवा. चाळीस वरीस झालं लेकरं न्हाऊ घाली ऱ्हायनू, आन पाजणं पाहाले मी एका घरात बी थांबनू नही. आण इकडे. सोड ती गाठ. दोन्ही हात मोकळे कर. आते त्याचं पोट तुन्हा पोटाले लाव. तू वाकू नको. त्याले वर घे.

रुपा : असं?

दगूबाई : अजून जवळ. नाक समोर येऊ दे. आते तोंड मोठं उघडू दे, घाई नको… आते! काळा भाग बी तोंडात जाऊ दे. दुखस का?

रुपा : पहिल्यांदा दुखलं. आता… थांबलं.

दगूबाई : आम्ही केळीत मजुरीले जाऊत, तव्हय उघडं लेकरू असंच पोटाले लावूत. पानाच्या सावलीत. तिथे दुपटं कोणाजवळ व्हतं?

सरलाबाई : मग माझ्या वेळी का नाही सांगितलंत हे?

दगूबाई : तुन्ही सासू माले न्हाणीच्या पुढे येऊ देत नव्हती, सरलाबाई. तिथेच बांधाचं, तिथेच तिच्या हाती द्याचं. आठव्या दिवशी ती म्हणनी, सुनेले दूध नही. मी बी गावभर तेच सांगत फिरनू.

सरलाबाई : सत्तावीस वर्षं मी समजत होते, माझ्यातच खोट आहे.

दगूबाई : खोट शे का नही, ते कोणी पाह्यलंच नही व माय. मी बी नही. न पाहाता बोलनू. चुकनू.

रुपा : आई… तू मला हे कधीच बोलली नाहीस.

सरलाबाई : काय बोलायचं त्यात? तुझी आजी शेळी बांधून मोकळी झाली. मी न्हाणीत बसून दुधाने भिजलेला पदर पिळायचे. थांब, फोन वाजतोय. यांचाच आहे… हॅलो. हो, ऐकू येतंय. कोणत्या नंबरचा डबा? कोणत्याच नाही. राहू द्या. हो, मीच सांगितलं होतं, आता मीच नको म्हणतेय! मेथीचे दाणे आणा, आणि डिंक. आणि लवकर या, सारखं दुकानात गप्पा मारत बसू नका.

दगूबाई : शनिवारपर्यंत मी रोज थांबसू. पिळून निघालं तर ते बी वाटीचमच्याने पाजू. वजन नही वाढनं तर तिघी मिळून दवाखान्यात जाऊ.

रुपा : आणि रतिलालकाकांकडचं पाणी?

दगूबाई : पुन्हा तापाडतीन.

रुपा : आई, इकडे ये. ऐक ना. गिळतोय तो. गट… गट… असा आवाज येतोय.

सरलाबाई : थांब, पंखा बंद करते. मला ऐकू दे.