सिद्धेश्वरीची निवड

मी, शिवम्मा गुरुसिद्धप्पा कोनापुरे, वय ३७ वर्षे, धंदा गणवेश शिलाई, रा. मजरेवाडी, सोलापूर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी पती गुरुसिद्धप्पा, मुलगी सिद्धेश्वरी, थोरले दीर अण्णाराव व जाऊ चंद्रव्वा यांच्यासह गेल्या गुरुवारपर्यंत एकत्र राहत होते. सिद्धेश्वरी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते.

तिच्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला वर्षभर जर्मनीत शिकायला पाठवतात. तिथल्या एका कुटुंबात राहायचे, तिथल्या शाळेत जायचे. त्यासाठी लेखी परीक्षा, गटचर्चा व मुलाखत झाली. मार्कांपेक्षा मूल एकटे निभावेल का हे बघतात, असे तिचे शिक्षक श्रीशैल सर यांनी मला सांगितले होते. शेवटी सिद्धेश्वरी व तिच्या वर्गातील अंकिता अशा दोघी उरल्या.

मग निवड समितीच्या दोन बाई आमचे घर बघायला आल्या. सगळे घरीच होते. त्यांतल्या एका बाईंनी मुलीला विचारले, "घरची आठवण आली तर काय करशील?" ती म्हणाली, "रडेन. अव्वाला फोन करीन. पण परत येणार नाही." अव्वा ती मला म्हणते. वर्ष पुरे केल्याशिवाय येणार नाही, असे तिला म्हणायचे होते. बाई खूश झाल्या. त्याच आठवड्यात तिची निवड झाली.

त्या दिवसापासून भावजी अण्णाराव माझ्या पतीला सारखे म्हणत, "परत येणार न्हाय म्हणली की. तुझ्या तोंडावर म्हणली." पती खाली बघत. मी मध्ये बोलले असता भावजी म्हणाले, "तू गप कपडे शिव."

गेल्या गुरुवारी सकाळी व्हिसाच्या मुलाखतीला पुण्याला नेतो, असे सांगून पती व भावजींनी तिला गाडीत बसवले. मुलाखतीची उत्तरे पुटपुटतच ती गेली. थोड्या वेळाने सरांचा फोन आला. व्हिसाची तारीख अजून मिळालेलीच नाही, असे ते म्हणाले. पतीचा फोन बंद होता. मी जाऊबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मंगळवेढ्याला गेल्यात. पोरीचं लगीन हाय."

मी मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनला फोन करून कळवले व एसटीने मंगळवेढ्याला गेले. पोलीस माझ्या आधी पोचले होते, परंतु अक्षता पडून गेल्या होत्या. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती उठली नाही.

मुलगी सध्या बालगृहात आहे व मलाही घरात घेतलेले नाही. तक्रार मागे घेतली तर दोघींना घरात घेऊ, असा भावजींचा निरोप आला आहे. मी मागे घेणार नाही. पती, दीर व नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी माझ्या अल्पवयीन मुलीचे लग्न लावले, याबद्दल त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

काल श्रीशैल सर बालगृहात भेटायला आले होते. वडिलांनी संमती काढून घेतल्यामुळे समितीने अंकिताला घेतले व पुढच्या वर्षी सिद्धेश्वरी वयात बसणार नाही, असे त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितले. तिने विचारले, "सर, अंकिताच्या घरातली माणसं कशी हायत? तिला जाऊ देतील का?"



हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला व कन्नडमध्ये समजावून दिला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे.