वळणावरचं तेल

घोरावाडी स्टेशनच्या नळाच्या रांगेत उभा असलेला अनंत, पुढच्या बहीणभावाचं बोलणं कान देऊन ऐकत होता.

"पोरी, येवढ्या परातीत काय शिजिवतीस?" मागच्या आबांनी विचारलं.

"हे शर्यतीच्या मोटारीचं तेलाचं भांडं आहे, आबा. पाणी भरून बघतोय. दादा, कलंडव आता, घाटातल्या वळणासारखं."

"गेल्या वर्षी अशाच वळणावर तेल कडेला पळालं, पंप कोरडा पडला आणि इंजिन जाम झालं," भांडं कलंडवत भाऊ म्हणाला.

"म्हणून तर आत आडवे पत्रे बसवलेत. बघ, पाणी पंपाच्या जागेवरच थांबलंय."

"खरंच की! तरी रविवारच्या शर्यतीत माझी नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावरच राहणार, इंदू."

"मग तू शेजारी बसून काटाच बघ. रस्ता मी बघते."