वरून ओतलेलं पाणी

हॅलो?… हॅलो? हाव, मेहकरहून… वासंती? मी बाबा बोलून राह्यलो, पोस्टातून… नाही वं, सारे खुशाल हायेत. तीनच मिनिटं भेटतात, ऐक ना…

स्नेहलता? मजेत हाय. जेवते, खेळते… ताप नाही वं! महिनाभर ठेवा म्हणाली होती तू, पण तिले घेऊन जा… रडत नाही ती. अवं, ऐक तं खरं!

आपली सोजराबाई… हाव, अंगण झाडते तीच. परवा तिनं पाणी मांगतलं. तुही माय लोटा घेऊन निघाली, नेहमीसारखी, वरून ओंजळीत ओताले. तेवढ्यात तुह्या पोट्टीनं आपला चांदीचा पेला भरला अन् सरळ तिच्या हातात देला!… कोणी सांगतलं म्हंजे? कोणीच नाही. अडीच वर्षांची पोर ती.

मले? मले आनंदच झाला. शनिवारी वाचनालयात माह्यं व्याख्यान हाय ना, 'नीती उपजत असते काय?' म्हटलं, घ्या, पुरावा घरीच निघाला…

माय? नाही, तिनं पोट्टीले मारलं नाही. मीच पोट्टीले मांडीवर घेतलं, गूळ देला अन् समजावलं… हाव, मीच. गोड बोलून. 'बाळा, असं नाही, वरून ओतायचं.'… काऊन म्हंजे? ओसरीवर चिंतामणराव बसले होते… वाचनालयाचे अध्यक्ष, दुसरे कोण? पाहून राह्यले होते…

आज सोजराबाई आली. पोट्टी पायरीवर चढली, वं. टाचा उचलून, हात उंच धरून पाणी ओतलं. बोटाले बोट लागू देलं नाही… अन् सोजराबाई काय म्हणते? 'शहानी झाली वं माय.'

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, वासंती. इतक्या लवकर कोणी काही शिकलं नाही…

व्याख्यान? होईन ना. पत्रकं छापली हायेत.

येते तू? उद्याच?… ने बापा तिले. हाव, हाव, तुह्या घरी असं नाही होणार. अकोल्याले सारे शिकलेले लोक… मले मालूम हाय… अवं, एक विचारू? तुह्याकडं भांडे घासाले येते ना, ती बाई… तिले चहा कोणत्या कपात देते तू?

…हॅलो?

…वासंती?

…काय हो ऑपरेटर, लाइन कटली काय?… चालू हाय?… अन् तिकडून फोन ठेवला नाही कोणी?

…बरं. मंग मीच ठेवतो.