दहाची सभा, अडीचचा ठराव

मी जैबून. गाव आमचं रायगडात, खाडीकाठी. टेकडीवर फिरंग्यांचा पडका किल्ला, खाली आमचा मोहल्ला, आनि मोहल्ल्यातलं शेवटचं घर आमचं, त्याच्या पुढं खाडीच. बापूस माझा गलबतावर होता, आई जाळी विनायची, मी सातवीपर्यंत शिकले, पुढची शाळा दुसऱ्या गावात म्हनून राहिलं. लग्न झालं ते बहरीनवाल्याशी. तेवा आमच्याकडं मुलगा बहरीनला हाय म्हटलं की पुढं कोन काय विचारीत नसे. हे सलमाबादला एका वर्कशॉपात वेल्डर, दोन वर्सांनी दोन महिने यायचे, पेटी उघडायचे, पेटी भरायचे, गेले. एका घरात आमी राहिलो किती, ते बोटांवर मोजावं, ताई.

आता इथं बहरीनला, हमद टाउनात, सगळे एकत्र हाव. मुलगा सादिक, सून, नात, हे आनि मी. मी इथं आले, जरा स्थिरावले, तेवा एका शुक्रवारी सादिकनं किल्ला दाखवायला नेलं, तर तो पन फिरंग्यांचाच! मी बोल्ले, अरे, हे मेले इथं पन? एवढा समुद्र ओलांडून आले नि शेजार काय बदलला नाय. मंग भिंतीवर बसून मनात आलं, एवढं मोठं राज्य करून गेले, त्यांचे दगड राहिले, आपली तर पाच वर्सांची सरपंचकी. नात मला विचारते, दादी, वॉट इज सरपंच? सून सांगते, मेयर, दादी मेयर होती. पोरगी माझ्याकडं बघते, मी बोंबील साफ करत बसलेली, आनि खो खो हसते. हसनारच की.

तर ते मेयरपन सांगते. सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं. आमच्या गावचे निम्मे बापये बहरीनला, त्यांची इथं जमात, म्हनजे गाववाल्यांची मंडळी, दर शुक्रवारी नमाजनंतर सलमाबादच्या एका खोलीत बसायची. गावच्या मशिदीला रंग कोनता, तिथपासून सगळं त्या खोलीत ठरायचं. तिथंच ठरलं, जैबूनला उभी करा. मला कोनी विचारलं नाय. फोन आला, फॉर्म भर. भरला. निवडून आले. गुलाल माझ्या डोक्यावर, नि मुबारकबादीचे फोन ह्यांना.

काय सांगू तुमाला, पयलं दीड वर्स मी नुसती सही होते. भाऊसाहेब, म्हनजे आमचे ग्रामसेवक, कागद आनायचे, मी त्याचा फोटो काढून ह्यांना धाडायची, हे तो शुक्रवारी खोलीत दाखवायचे, मंग उत्तर. ग्रामसभा लावायची सकाळी दहाची, पन ह्यांची जेवनाची सुट्टी इथल्या बाराला, म्हनजे आमच्याकडं अडीच. तोपर्यंत लोक बसून. कोन बिडी ओढतंय, कोन झोपलंय, बायका तांदूळ निवडून घ्यायच्या. अडीचला फोन लागला की मी तो माईकला धरायची, हे बोलायचे, सगळे ऐकायचे, ठराव पास, खलास. मला त्यात काय चुकीचं वाटतच नवतं. नवरा शिकलेला, दुनिया बघितलेला, मी सातवी. उलट मला वाटायचं, मी किती शहानी, विचारल्याशिवाय काय करत नाय.

मंग आली पान्याची योजना. टाकी टेकडीवर, पन पयल्या टप्प्यात लाईन एकाच बाजूला पुरनार, मोहल्ला नायतर कातकऱ्यांची वाडी. मोहल्ल्यात दारोदार विहिरी, उन्हाळ्यात पानी मचूळ होतं ते खरं. पन वाडी टेकडीवर, तिथल्या बायका खालनं हंडे भरून चढायच्या. ह्यांनी इथं खोलीत सगळ्यांसमोर शब्द देऊन टाकला, ईदच्या आत मोहल्ल्यात नळ. पयला नळ सरपंचाच्या दारात, असं पन बोल्ले. आमचे हे शब्दाचे पक्के मानूस. म्हनून तर भीती.

सभा लागली. त्याच आठवड्यात वाडीतल्या सोमीची सून हंड्यासकट घसरून पडली होती, सात महिन्यांची पोटुशी. बाळ वाचलं, पाय मोडला. सोमी सभेला आली, पाठीमागं उभी राहिली. दहा वाजले, बारा वाजले. अडीचला मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. मी बोल्ले, थांबा जरा, त्यांची सुट्टी पुढं गेली असेल. तर सोमी पुढं आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली नि बोल्ली, बाय, तुझा नवरा कदी जेवतो त्याच्यावर आमचं पानी ठरनार काय?

कोनी हसलं नाय, ताई. हसले असते तर बरं झालं असतं. मी फोनकडं बघितलं, सोमीकडं बघितलं. तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून केस उडालेले, ते मला त्या दिवशी दिसले. रोज आमच्या मोहल्ल्यात पान्याला यायची ती, पन मला त्या दिवशी दिसले. मी फोन बंद केला. भाऊसाहेबांना बोल्ले, लिवा, पयली लाईन वाडीला. ते बोल्ले, साहेबांना विचारून? मी बोल्ले, सरपंच कोन हाय? लिवा. सही केली, नि खाली शिक्का पन मीच मारला.

मंग ह्यांचा फोन आला. तू माझी जबान घालवलीस, एवढंच बोल्ले. चार महिने माझ्याशी बोल्ले नायत. सादिक तेवा गावात माझ्याजवळ होता, बहरीनला मागनं आला; त्याला फोन करायचे, सांग तुझ्या आईला, दवा वेळेवर घे. मोहल्ल्यात बायका तोंड फिरवायच्या. मी रडले, खोटं कशाला बोलू, खूप रडले. पन वाडीत नळ सुटला त्या दिवशी सोमीनं माझे दोन्ही हात पान्याखाली धरले नि धरूनच ठेवले.

त्यानंतर मी कुनाला फोन लावून ठराव केला नाय. पक्षवाले आले, तालुक्याची महिला अध्यक्ष केली, मी भाषनं केली, मोर्चे नेले, चप्पल झिजवली. मोहल्ल्याची लाईन आनायला पन झटले, ती माझ्या पाच वर्सांत काय झाली नाय. पुढं पंचायत समितीला उभी राहिले ती पडले, मोहल्ल्यानंच पाडलं. असूदे. वाडीची मतं एकगठ्ठा माझी होती.

आनि मंग ह्यांना इथं कामावर छातीत दुखलं. खोलीतल्या त्याच मानसांनी, ज्यांच्यापुढं मी ह्यांची जबान घालवली, त्यांनीच उचलून हॉस्पिटलात नेलं, पाळीपाळीनं उशाशी बसले. अल्ला त्यांचं भलं करो, मी जन्मभर त्यांच्यासाठी दुवा करीन. मी धावत आले. मला बघून हे काय बोल्ले ठाव हाय? बाहेर बसलेल्या मानसाला बोल्ले, आमच्या सरपंचांना खुर्ची द्या. मला वाटलं टोमना हाय. असेल पन.

आता पुढच्या महिन्यात आमी दोघं कायमचे जानार, व्हिसा कॅन्सल करून. त्या ठरावाबद्दल हे आजपर्यंत कदी बोल्ले नायत, बरोबर नाय की चूक नाय. नव्या सरपंचानं मोहल्ल्यात लाईन आनली, पन ती मशिदीच्या कोपऱ्यावर थांबली, आमच्या दारात नळ नाय तो नायच. परवा सामान भरताना बघते, तर ह्यांनी दुकानातून रबरी नळीचं हे एवढं मोठं भेंडोळं आनलेलं. मी बोल्ले, आता ही कशाला, वजन किती होईल? बोल्ले, मशिदीच्या कोपऱ्यापासून आपल्या दारापर्यंत पुरेल. मंग दोरी बांधता बांधता, खाली मान घालून बोल्ले, पन वाडीचं भरून झाल्यावरच लावायची हां, आपन खालनं ओढलं की वर पानी चढत नाय.

शुकर अल्लाचं, मी बोल्ले, ताई, आनि माझ्या चार नव्या चादरी बाहेर काढून नळीला जागा केली.