साहेबाला सुप्रभात नाही

दाढ सुजल्यामुळे नंबरची वाट पाहणाऱ्या एका पेशंटचं तोंड बंद होतं. कान मात्र रिकामेच होते. दातांच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते; नवरा बायकोला समजावत होता.

"जुन्या साहेबाला रोज सुप्रभात पाठवत जा. ओळख टिकते."

"ज्यानं कामावरून काढलं, त्याची सकाळ मी कशाला शुभ करू?"

"मग नोकरी कशी मिळणार? ओळखी लागतात."

"आहेत की. शिवणखात्यात अकरा पोरी माझ्या हाताखाली तयार झाल्या. दुसऱ्या कारखान्यांत गेल्या, तरी कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, दर वेळी मी फोन केलाय."

"आता त्या पोरींपुढे हात पसरणार?"

"काम मागितलंय, भीक नाही. थांबा, त्यातल्या धाकटीचाच फोन. बोल गं. सोमवारपासून? तुझ्या हाताखाली? अगं, त्यात लाजायचं काय, येते की. पण आत्ताच सांगून ठेवते, शिवण वाकडी दिसली की उसवायला लावीन. तू सुपरवायझर असलीस तरी. बरं, ठेवते."

"असं बोलतात होय? काय म्हणाली?"

"म्हणाली, ताई, म्हणूनच तर बोलावतेय. चला, तुमचा नंबर आला. तोंड आता आत जाऊन उघडा."