मामाचा पाय

(कुरुमच्या जत्रेत हुतूतूचा सामना हरून नत्थुजी आणि त्यांचा मेहुणा खुशालराव बंडीतून गावाकडे निघालेले. दिवस कलता.)

नत्थुजी : अन् तो किसन! कापसाचा पैसा हातात आला तं चांदीचा करदोडा घालून खेळाले उतरला. अकोल्याच्या गड्यानं त्याले धरलं कायले? करदोड्याले. म्हशीले साखळीनं धरावं तसं.

खुशालराव : करदोडा तुटला पण नाही. मजबूत होता.

नत्थुजी : हसू नोको.

खुशालराव : हसत नाही, भाऊजी. बैल हाकून राहिलो.

नत्थुजी : पंजाबराव जिलबी खाऊन आला. दोनदा हुतूतू म्हणला अन् ढेकर देल्ला. बरं, ते सोड. सारे गडी मेले तरी सामना आपलाच होता. इकडे तू एकटा उरला, तिकडे अकोल्याकडून आपला भगवंत एकटा. तू दम घेऊन त्याच्या अंगावर गेला. तो कोपऱ्यात पडला, पालथा. तुह्या पायापासून वीतभर. नुसता पाय लावून माघारी यायचं होतं. लावला तू?

खुशालराव : नाही लावला.

नत्थुजी : काहून?

खुशालराव : सांगतलं ना मंघाशी.

नत्थुजी : आणखी सांग. मले ते पटतच नाही.

खुशालराव : भाचा हाय तो माहा, देवासारखा. भाच्याले मामानं पाय लावावा काय? हातानं शिवू म्हणून वाकलो, तं दम तुटला.

नत्थुजी : हुतूतूत कायचा मामा अन् कायचा भाचा. रेघेच्या आत सारे गडी.

खुशालराव : तुमाले बोलाले सोपं हाय. बारशाच्या दिवशी त्याचे पाय धुतले मी. जमुनाबाईनं मांडीवर धरला होता अन् मी ते पाणी डोळ्याले लावलं. आजबी भेटला की मी त्याच्या पाया पडतो, तो माह्या पडत नाही. त्याच्या पाठीवर लात ठेवू? साऱ्या जत्रेसमोर?

नत्थुजी : जमुना असती तं तिनंच म्हणलं असतं, ठेव.

खुशालराव : बाईनं मले उंबऱ्यात उभं केलं नसतं. बहीण माही होती, भाऊजी. मले मालूम हाय.

नत्थुजी : थांबव बंडी. मी पायी येतो.

खुशालराव : आताच तं चढले तुमी. घडीत उतरता, घडीत चढता. बैलबी कावले.

नत्थुजी : बसवत नाही मले.

खुशालराव : सामना गेला, जाऊ द्या. पुढच्या साली पाहू. किसनचा करदोडा घरीच ठेवून येऊ.

नत्थुजी : पुढच्या साली काय पाहतं? माहं पोरगं गेलं.

खुशालराव : गेलं म्हणजे?

नत्थुजी : भगवंतासंगं पैज लागली होती. सकाळी, सामन्याच्या आंधी. आपलं गाव जिंकलं तं त्यानं अकोल्याची ते वखार सोडायची, घरी यायचं, वावर पाहायचं. ते जिंकले तं त्यानं तिथंच कापसाचा काटा धरून राहायचं अन् मी त्याले कधी बोलवायचं नाही.

खुशालराव : असली पैज लावते काय कोणी? सरळ म्हणायचं ना, घरी ये.

नत्थुजी : येत नाही म्हणते. त्याची माय गेली तसा तो तेराव्याले आला, माह्या हातची करपलेली भाकर खाल्ली अन् गेला. घरात बसवत नाही म्हणे. मले तरी कुठं बसवते? पण मी म्हणतो काय त्याले?

खुशालराव : अन् मले काहून नाही सांगतलं पैजेचं?

नत्थुजी : सांगतलं असतं तं लावला असता पाय?

खुशालराव : ...नाही.

नत्थुजी : मंग?

खुशालराव : नसता लावला. पण त्यानं जे म्हणलं, ते तरी समजलं असतं.

नत्थुजी : कोणं? कवा?

खुशालराव : भगवंतानं. मी वाकलो तवा. म्हणे, मामा, पाय लाव.

नत्थुजी : काय?

खुशालराव : मामा, पाय लाव. मले वाटलं, चिडवून राहिला. त्याले तं मालूम होतं मी लावणार नाही.

नत्थुजी : मोठ्यानं म्हणला?

खुशालराव : हळू. तोंड मातीत होतं त्याचं.

नत्थुजी : त्याले लागलं होतं? उठता येत नव्हतं?

खुशालराव : लागलं कायचं. तो पडला नाही, मुद्दाम पडून राहिला. आता ध्यानात येते. माहा दम तुटला तसा उठला, धोतर झटकलं. त्याच्या गड्यांनी खांद्यावर घेतला तं खाली उतरला अन् एकटाच गेला आंब्याखाली.

नत्थुजी : फिरव बंडी.

खुशालराव : इथं कशी फिरवू? मांगून कापसाच्या बंड्यांची रांग लागली हाय. अन् तुमी तिथं जाऊन काय करसान? बोलवायचं नाही म्हणून शब्द देल्ला ना?

नत्थुजी : देल्ला.

खुशालराव : तुमी देल्ला. मी कुठं देल्ला? मामानं भाच्याले बोलावलं तं कोणती पैज मोडते?

नत्थुजी : ...उतर मंग. कासरा मले दे. लवकर जाय, अकोल्यावाल्यायच्या बंड्या निघतीन.

खुशालराव : जातो. काय सांगू त्याले?

नत्थुजी : सांग, मामानं बोलावलं.

खुशालराव : एवढंच?

नत्थुजी : अन् सांग, भाकर मीच करतो. आता करपत नाही.