जात्याची टाकी

गावोगाव पिठाची चक्की आली, तशी जात्याचा दगड छिन्नीनं टोचून त्याला टाकी लावणाऱ्या बनाबाईला कुत्रं विचारेना. आज छिन्नी-हातोडी मोडीत घालायला म्हणून ती साखरखेर्ड्याच्या एस.टी.च्या रांगेत उभी होती. पुढं दोघीजणी बोलत होत्या.

"पोरीच्या लग्नाची हळद चक्कीवर दळली काय वं?"

"हट्! चक्कीवाला हळद घेतच नाही. पीठ पिवळं होते म्हन्ते. जात्यावरच दळली."

"तुमचं जातं तं गुळगुळीत झालं होतं ना?"

"टाकी लावून घेतली. हळद अशी पडली, जसा अबीर! साऱ्या गावानं मांगून नेली."

"आमच्याबी घरी लगन हाय. कोनं लावली?"

"होती एक बाई. नाव नाही पुसलं."

मागं छिन्नी-हातोडी खणकन वाजली.

"बनाबाई म्हन्तात मले! चाला, तुमचं जातं दाखवा."